पाणी खंय ओतूचां?

मालवणजवळच्या एका डोंगरावर आमचा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांचा, रिपीटर आहे. त्याचं काम सोपं: १४५ मेगाहर्ट्झवर ऐकायचं आणि तेच, त्याच क्षणी, ६०० किलोहर्ट्झ उंच चढून मोठ्याने सांगायचं. आमच्या वाडीत निम्म्या लोकांचा हाच धंदा आहे. फरक एवढाच, की रिपीटर पदरचं काही घालत नाही.

दिवाळीनंतर मात्र तो घालायला लागला. कोणी बोलत नसताना खर्रर्र करून उघडायचा आणि आतून दोन माणसं एकाच विहिरीत पडून भांडताहेत असा आवाज यायचा. मध्येच एक अवकाळी सर आली तेव्हा तीन दिवस गप्प बसला. तेव्हाच मी शहाणा व्हायला हवा होतो.

पण शेजारच्या टॉवरवर दोन वायरलेस ट्रान्समीटर होते आणि माझ्याकडे कागद-पेन्सिल होती. समजा एक १५० वर, दुसरा १५५ वर. दोघांची भेसळ झाली, तर पहिल्याची दुप्पट ३००, त्यातून दुसरा वजा, राहिले १४५. थेट आमच्या कानात! गुन्हेगार सापडला. आता उपाय म्हणजे कॅव्हिटी फिल्टर: आपली लहर आत घ्यायची, शेजाऱ्यांना दारातच अडवायचं. १४५ ची पाव लहर साधारण ५२ सेंटिमीटर, म्हणून तेवढे उंच, तांब्याचे, गोल डबे करून आणले. महिन्याचं बजेट त्यातच विरघळलं.

आईने अंगणातच अडवलं. "ह्यो बंब खंयसून हाडलंस?"

"आये, बंब न्हय. फिल्टर."

"मगे पाणी खंय ओतूचां?"

"पाण्याचो न्हय गो. नको तो आवाज गाळूचो."

"चाळीस वर्सां तुझ्या बापाशीचो आवाज गाळतंय. माका असलो बंब लागूक नाय."

डबे डोंगरावर चढवले, स्क्रू पाव-पाव वळसा फिरवत दोन रात्री डास पोसले. तिसऱ्या रात्री खर्रर्र.

शेवटी तारखात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या मास्तरांना वर नेलं. त्यांनी अँटेनाच्या वायरीत ॲटेन्युएटर घातला, म्हणजे येणारा सिग्नल १० डेसिबलने खाली उतरवणारा तुकडा. म्हणाले, "भेसळ रिसीव्हरच्या पोटात होत असती, तर ती तिप्पट, ३०ने उतरली असती. उतरली फक्त १०ने. म्हणजे ती बाहेरूनच तयार होऊन येतेय. आणि येतेय तुझ्याच लहरीवर. तुझा फिल्टर तिला नमस्कार करून आत घेणार."

मग मास्तर हेडफोन लावून बसले आणि मी बांबूने दिसेल ते लोखंड ठोकत फिरलो. मास्ट, तणावे, क्लॅम्प, सगळे निर्दोष. रिपीटर भिजू नये म्हणून मी स्वतः, अभिमानाने, फोटो काढून घालून दिलेल्या पत्र्याच्या छपरावर बांबू टेकला मात्र, मास्तर ओरडले, "हाच! हाच!"

खाऱ्या वाऱ्याने छपराचे हूक गंजले होते. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो, वीज एकाच बाजूने सोडतो, आणि त्यात लहरींची भेसळ होते. शेजारचे दोघे बिचारे आपापल्या जागी बोलत होते, त्यांचं लग्न माझ्या पत्र्यावर लागत होतं. पावसात सांधा भिजला, की वऱ्हाड पांगायचं.

पत्रा काढला, ताडपत्री बांधली. रिपीटर आता देवळासारखा शांत आहे. मास्तरांनी डब्यांची एक जोडी राहू दिली, उरलेली मी घरी आणली. पत्रा आईने सरपणावर घातला. डब्यांभोवती ती दोनदा फिरली, एकाला कान लावून वाजवून पाहिला.

"मगे आता तरी सांग. पाणी खंय ओतूचां?"