रक्तदाबाच्या गोळीविषयी खुलासा
‘रक्तदाब १२०/८० आला की गोळी बंद करावी, रोज सोलकढी पुरे’ असा संदेश सध्या आमच्या डिचोली भागात मोबाइलवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. आकडा आटोक्यात आहे तो बहुधा गोळी चालू असल्यामुळेच. ती सोडल्यास काही दिवसांत किंवा आठवड्यांत रक्तदाब पुन्हा चढतो, आणि बहुतेकांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. क्लोनिडीनसारखी गोळी तर एकदम तोडल्यास रक्तदाब उसळी घेतो. सोलकढीत मीठ असते, सोबतच्या खाऱ्या बांगड्यात त्याहून अधिक. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याच्या, आत हवे. चक्कर येत असल्यास गोळ्यांची पाकिटे घेऊन आरोग्य केंद्रात जावे. मात्रा डॉक्टर ठरवतील.