रोज ५०० शॉट मारले की नेम बसतो?

‘रोज एकाच जागेवरून ५०० शॉट मारा. हाताला वळण लागलं की मॅचमध्ये बॉल आपोआप रिंगमध्ये जातो.’ बास्केटबॉल शिकणाऱ्या मुलांना हा सल्ला सतत फॉरवर्ड होतो. मेहनती मुलंच तो मनावर घेतात आणि त्यांचेच तासन्‌तास वाया जातात, म्हणून हे लिहितोय.

‘एका जागेवर नेम बसला की सगळीकडून बसतो.’ हा यातला सगळ्यात कच्चा दावा. २००५ साली कीच या संशोधकाच्या गटाने अनुभवी खेळाडूंना वेगवेगळ्या अंतरांवरून शॉट मारायला लावले. फ्री थ्रोच्या (फाउलनंतर कोणी न अडवता ठरलेल्या रेषेवरून मिळणाऱ्या शॉटच्या) १५ फुटांवर त्यांचा नेम इतर अंतरांवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा सरस निघाला. म्हणजे वर्षानुवर्षांच्या फ्री थ्रोंची ती जास्तीची कमाई त्या रेषेपुरतीच राहिली, दोन पावलं पुढे किंवा मागे ती कामाला आली नाही.

‘स्नायू लक्षात ठेवतात.’ लक्षात ठेवतो तो मेंदू, आणि त्याला दरवेळी नव्याने अंदाज घ्यावा लागला की शिकलेलं जास्त पक्कं होतं. एकाच जागेवरून विसावा शॉट मारताना अंदाज घ्यायचा उरतच नाही. मागचाच शॉट जरा सुधारून पुन्हा मारला जातो. म्हणूनच सरावात सलग बास्केट पडतात आणि खेळाडूला वाटतं, जमलं. मॅचमध्ये पास गुडघ्याशी येतो, पाय तिरके पडलेले असतात, समोर डिफेंडरचा हात असतो आणि शॉट मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांचं घड्याळ संपत आलेलं असतं. तिथे मागचा शॉट सुधारायची सोय नसते.

‘कितीही दमलात तरी आकडा पूर्ण करा.’ यात तर नुकसानच आहे. पाय थकले की बॉलची कमान सपाट होते. रिंगचा व्यास ४५ सेंटीमीटर, बॉलचा साधारण २४. बॉल जमिनीशी ४५ अंशांच्या कोनात उतरला तर त्याला सुमारे ३२ सेंटीमीटरची वाट मिळते. ३० अंशांत जेमतेम साडेबावीस, म्हणजे बॉलपेक्षाही कमी. तो रिंगला न लागता आत जाणं शक्यच नाही. शेवटचे शंभर शॉट असे सपाट गेले, तर सराव सपाट शॉटचाच झाला.

नवशिक्यांनी मात्र रिंगजवळ एकाच जागेवरून शॉट मारावेत. कोपर, मनगट आणि फॉलो-थ्रू (बॉल सुटल्यावर हात तसाच पुढे नेणं) बसायला ते लागतंच. पण वॉर्म-अपनंतर पंधरा मिनिटं पुरेत. पुढे प्रत्येक शॉटला जागा बदला. एक पास घेऊन, एक ड्रिबलनंतर, एक डावीकडून धावत येऊन. मारले किती आणि पडले किती, दोन्ही वहीत लिहा. मधेच कोर्टच्या दोन फेऱ्या पळा आणि धाप लागलेली असतानाच फक्त दोन फ्री थ्रो घ्या, कारण मॅचमध्ये बहुतेकदा दोनच मिळतात. कमान सपाट व्हायला लागली की त्या दिवसापुरतं थांबा, मग आकडा १८० का असेना.