भोक नसलेला फोन

"ड्युप्लिकेट दिसतोय," काका म्हणाले, आणि कर्वे रस्त्यावरच्या त्या मोबाइलच्या दुकानातली सात माणसं माझ्याकडे खोटी नोट खपवायला आल्यासारखी बघायला लागली. चार दिवस झाले, अजून डोक्यातून जात नाही.

प्रकरण साधं होतं. पुण्याचा नंबर जुन्या फोनमध्ये, जुना फोन मेलेला, नवा फोन अमेरिकेत घेतलेला. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन २०२२ सालच्या चौदाव्या आवृत्तीपासून सिमचा कप्पा न ठेवताच येतात. बाजूला फट नाही, पिन खुपसायचं भोक नाही. चिप पोटात आधीच बसवलेली असते आणि नंबर तिच्यात इंटरनेटवरून उतरवायचा असतो. हेच ई-सिम. पुण्यात रोज शंभर लोक घेत असतील. पण काउंटरवरच्या मुलाने सवयीने प्लॅस्टिकचं कार्ड फाडलं, पिन उचलली आणि माझ्या फोनला प्रदक्षिणा सुरू केली. डावीकडून, उजवीकडून, डोक्यावरून. शेवटी चार्जिंगच्या खाचेशेजारची बारीक भोकं त्याला सापडली, त्याचा चेहरा उजळला आणि मी ओरडलो. ती भोकं माइकची आणि स्पीकरची. तिथे पिन गेली तर आतला पडदा फाटतो आणि पुढे जन्मभर लोक तुम्हाला "आवाज येत नाहीये" म्हणत राहतात.

"सर, भोकच नाहीये," मुलगा म्हणाला.

"नसतंच," मी म्हणालो.

त्यावर काकांनी तो निकाल दिला.

काका टेम्पर्ड ग्लास बदलायला आले होते. हातात कापडी पिशवी, पायात मोजे आणि सँडल. माझा फोन त्यांनी न विचारता उचलला, खिडकीच्या उजेडात तिरका धरून पाहिला.

"तिकडे घेतलात?"

"हो."

"पावती?"

"इथे नाही आणली."

"हं." ते मुलाकडे वळले. "आमच्या चिरंजीवांनी तिकडून घड्याळ पाठवलंय. रेडिओ आणि गजर एकत्र. चांगल्या कंपनीचं, खोक्यासकट. पहिल्या दिवसापासून तासाला दहा मिनिटं मागे. नऊ नाही, अकरा नाही, दहा. तिकडे मालच असा विकतात."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण "दहा, नेमकी दहा" ऐकल्यावर ज्याला कारण माहीत आहे तो माणूस गप्प बसू शकत नाही, हा एक आजार आहे.

"काका, घड्याळ प्लगवर चालतं का?"

"मग काय, चावी देऊन?"

"थेट लावलंत?"

"मी तुम्हाला असा वाटलो का? तापकीर गल्लीत जाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. दोनशे तीसचे एकशे दहा करतो. हात लावून बघा, गरमसुद्धा होत नाही."

मग मी समजावलं. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. प्लगवर चालणारी काही घड्याळं हे हर्ट्झ, म्हणजे सेकंदातले विजेचे हेलकावे, मोजतात. साठ मोजून झाले की त्यांच्या लेखी एक सेकंद संपला. आपल्याकडे सेकंदात पन्नासच येतात, त्यामुळे साठ भरायला सव्वा सेकंदाला थोडा कमी वेळ लागतो. आपला खरा एक तास म्हणजे त्याची पन्नास मिनिटं. काही घड्याळांच्या बुडाशी किंवा बॅटरीच्या झाकणाखाली ५०/६० असं बारीक बटण असतं, ते सरकवलं की संपलं. बटण नसेल तर ते घड्याळ इथे कधीच बरोबर चालणार नाही, दुरुस्तीवाल्याला पैसे देऊ नका.

काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक आपल्या विजेची?"

"चूक कोणाचीच नाही."

हे वाक्य पुण्यात चालत नाही. चूक कोणाची तरी असावीच लागते. काकांनी दुकानात नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"मग आता बटण शोधणार का?" मी विचारलं.

"कशाला? माझी सोय झालेली आहे. रात्री बाराच्या ठोक्याला लावतो. त्यात पाच वाजले की सहा समजायचं. उठायचं, टेकडीला जायचं. सहा वर्षांत एकदाही उशीर नाही."

मी मनात गुणून पाहिलं. बरोबर होतं.

"आणि दुपारी?"

"दुपारी भिंतीवरचं बघतो," ते म्हणाले, जणू मीच बिनडोक.

आता रांगेतल्या एका ताईंना धीर आला. मुलगी न्यू जर्सीला, जूनमध्ये मिक्सर न्यायचाय, अडॅप्टर ऐंशी रुपयांचा घेऊन ठेवलाय, चालेल ना? सिम राहिलं बाजूला आणि मी उभ्या उभ्या वीजमंडळाचा फिरता दवाखाना झालो. ताई, तो अडॅप्टर पाय बदलतो, रक्तदाब बदलत नाही. साडेसातशे वॉटचा इथला मिक्सर तिथे लावला तर फिरेल, कण्हेल, आणि इडलीचं पीठ वाटायच्या आधी मोटारीचा वास येईल. व्होल्ट चढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही मिक्सरच्या दुप्पट ताकदीचा, कारण सुरू होताना मोटार एकदम जास्त ओढते. म्हणजे पंधराशे वॉटचा लोखंडी ठोकळा, आणि तेवीस किलोच्या बॅगेत तो पोह्यापापडांची जागा खाणार. त्यापेक्षा आपल्याच कंपन्यांचे ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात, तो घ्या. उलट दिशेने तर भलताच प्रकार होतो. तिकडचा भाताचा कुकर इथे थेट लावला तर तापण्याची ताकद जवळपास पावणेचार पट होते, आणि तांदूळ धुवून होईपर्यंत आतली तार उडते. चार्जरचं मात्र भय नाही. त्यावर बारीक अक्षरात १००-२४० लिहिलेलं असेल तर जगात कुठेही लावा. नसेल तर लावू नका, मग तो कितीही भारी दुकानातून आणलेला असो.

ताईंनी मान डोलावली आणि काकांकडे पाहून विचारलं, "खरंय का हो?"

काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मिक्सरचं बरोबर आहे."

म्हणजे फोनचं अजून प्रलंबित होतं.

तेव्हा ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी क्रम सांगून ठेवतो, निदान तुमच्यावर तरी खटला चालणार नाही. दुकानात जायच्या आधी फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. ईआयडी म्हणून बत्तीस आकडी नंबर आला तर फोनमध्ये ई-सिम चालतं. काउंटरवर पहिल्या वाक्यातच तो नंबर दाखवा, पिन बाहेर यायच्या आत. मग सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट, त्यात कॅरियर लॉक. समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तर ठीक. हप्त्यांवर घेतलेला फोन बहुतेक वेळा तिथल्या कंपनीने बांधून ठेवलेला असतो आणि हप्ते फिटेपर्यंत इथला नंबर आत घेत नाही. हे कळायला पुण्यात येऊ नका. नंबर स्वतःच्या नावावर आहे ना तेही बघा. निम्म्या लोकांचा नंबर २००५ साली वडिलांनी काढून दिलेला असतो आणि मग पंचाहत्तरीच्या वडिलांना रिक्षाने अंगठा द्यायला न्यावं लागतं.

अंगठा हा वेगळाच तमाशा. तिकडच्या हीटरच्या हवेत बोटं कोरडी पडतात, रेषा उमटत नाहीत. माझा अंगठा चार वेळा नाकारला गेला. काका म्हणाले, "बघा, अंगठासुद्धा." यंत्राची काच पुसा, बोटाला किंचित ओल लावा, तरी जमलं नाही तर तर्जनी द्या; आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात. माझी तर्जनी पहिल्या फटक्यात चालली. यावर काकांनी काही मत दिलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

मग क्यूआर कोड मेलवर आला. मेल कुठे उघडणार? त्याच फोनवर. आणि कोड कशाने स्कॅन करायचा? त्याच फोनने. स्वतःचा डोळा स्वतःच्या डोळ्याने बघण्यातला हा भाग. मुलाने कोड स्वतःच्या नंबरवर मागवला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढली, पाच रुपये माझे गेले. खरं तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये मेलमधल्या त्या चौकोनावर बोट दाबून धरलं की 'ई-सिम घालू का' असं फोन स्वतःच विचारतो. हे मला परतीच्या रिक्षात आठवलं. कोड उतरवताना वाय-फाय चांगलं हवं, अर्ध्यात तुटलं तर तोच कोड बहुतेक वेळा पुन्हा चालत नाही. आणि नंबर एकदा आत बसल्यावर "गोंधळ झालाय, काढून परत टाकू" असा शहाणपणा करू नये. काढला की पुन्हा दुकान, पुन्हा अंगठा, पुन्हा काका.

११ वाजून ४० मिनिटांनी नंबर लागला. बार दिसले. मी विजयी मुद्रेने बँकेचं अ‍ॅप उघडलं आणि ओटीपी मागवला. नाही आला. परत मागवला. नाही.

"सर, चोवीस तास एसएमएस बंद असतात," मुलगा म्हणाला. इतका वेळ त्याला हे सांगायला सवड झाली नव्हती.

नियम खरा आहे. २०२२ मध्ये दूरसंचार खात्याने काढला. कोणी तुमच्या नावाचं दुसरं सिम काढून बँक साफ करू नये म्हणून सिम बदललं की चोवीस तास एसएमएस जाणंयेणं थांबतं. जुलै २०२४ पासून सात दिवस दुसऱ्या कंपनीतही जाता येत नाही. चोर अडवायला उत्तम आहे. माझं विमान परवा असतं तर मीही चोराच्या बाजूने बोललो असतो.

आणि इथे माझी चेष्टा संपते. पैसे माझे, पॅन माझं, दहाही बोटं माझी, पासपोर्टवर फोटो माझाच. पण या सगळ्यावर मी मीच आहे हे ठरवणार एका सिमवर येणारे सहा आकडे. परदेशात राहणाऱ्याने त्या सिमची ज्योत तेवत ठेवायची. नव्वद दिवस वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते. प्रीपेडमध्ये किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी तीस दिवस मिळतात. बंद झालेला नंबर निदान नव्वद दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या माणसाला जातो आणि तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्याकडे. पूर्वी लोक सिम बटणांच्या फोनमध्ये घालून तिकडे टेबलाच्या खणात ठेवत. तेही गेलं, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ पर्यंत ३जी बंद केलं आणि त्या फोनांच्या माना पडल्या. दुसरी परंपरा म्हणजे सिम पुण्यात आईकडे ठेवणं. तिकडे दुपारचे दोन, इकडे रात्रीचे साडेअकरा-साडेबारा, आई चष्मा शोधते, मेसेज उघडते आणि म्हणते, "अरे, यात लिहिलंय कोणालाही सांगू नका. मग तुला कसं सांगू?" तोवर तीन मिनिटं संपतात.

थोडं सैल झालंय, नाही असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआयला दहा देशांचे नंबर चालतील असं जाहीर झालं, अमेरिका त्यात आहे. फक्त खातं एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं, हवं आणि त्याला तो परदेशी नंबर जोडलेला हवा. बऱ्याच बँका परदेशी नंबर किंवा मेलवर ओटीपी देतात, पण ते आपणहून सांगत नाहीत, अर्ज मागावा लागतो. निघायच्या आधी रोमिंग चालू करून घ्या; तिकडे गेल्यावर ते चालू करायला ओटीपी लागतो आणि ओटीपीला रोमिंग. डेटा रोमिंग बंद, लाइन चालू, येणारे एसएमएस फुकट, आणि अनोळखी फोन उचलायचा नाही, त्याचे मिनिटावर पैसे पडतात.

मी निघालो तेव्हा काकांची काच बसून झाली होती. कोपऱ्यात एक बुडबुडा राहिला होता, त्यावर वाद चालू होता. मला पाहून ते थांबले.

"लागला का?"

"लागला. पण मेसेज उद्या."

"ड्युप्लिकेटमध्ये वेळ लागतो," ते समजुतीने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ११ वाजून ४० मिनिटांनी मी फोन समोर ठेवून बसलो. बारा वाजले, एक वाजला. फोन बंद करून चालू केला, विमानाचं बटण दाबून सोडलं, शेजारच्याकडून मला एसएमएस पाठवायला लावला. काही नाही. दुकानात फोन केला, मुलगा जेवायला गेला होता. ४ वाजून २८ मिनिटांनी फोन एकदाचा थरथरला आणि सहा आकडे आले.

२८ तास ४८ मिनिटं. कागद घेऊन पाचाने गुणलं, सहाने भागलं. काकांच्या घड्याळात बरोबर चोवीस तास झाले होते.