आजीचं काळं शिलाई मशीन ऑनलाइन लिलावात कसं खपवावं

मशीन माळ्यावरून खाली उतरवलंत? निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं घेणाऱ्याच्या नशिबावर सोडा, लिलाव त्यासाठीच असतो.

वर्णनात पहिला शब्द 'अँटिक'. पाठोपाठ 'दुर्मिळ' आणि 'ब्रिटिशकालीन'. सिंगरच्या स्कॉटलंडमधल्या एकट्या क्लाइडबँक कारखान्यातून 1913 साली 13 लाखांच्या आसपास मशिनं बाहेर पडली, हे कुणाला कशाला सांगायचं? मशीनच्या पाट्यावर ठोकलेल्या सिरीयल नंबरवरून साल शोधता येतं, म्हणून तो तेवढा फोटोत येऊ देऊ नका. 2009 मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' नावाचं कुठलंसं मौल्यवान द्रव्य असतं अशी अफवा उठली आणि लोकांनी खुळ्यासारखे भाव मोजले. तसला एखादा तुमच्याही बोलीवर येईल, आशा सोडू नये.

'चालू स्थितीत' म्हणजे चाक हाताने फिरतं. एवढाच अर्थ. वरून लाल, खालून पांढरा दोरा घालून दुहेरी सुती कापडावर वीतभर शिवण मारायची आणि दोन्ही बाजूंचे फोटो टाकायचे, असं काही लोक सुचवतात. त्यात दोऱ्याचा ताण, टाका, कापड सरकवणारे खालचे दाते सगळंच उघडं पडतं. त्यापेक्षा मशीनवर मोगऱ्याचा गजरा ठेवा आणि छान उजेडात फोटो काढा.

चाक फिरतच नसेल तर खोबरेल तेल ओता. फोटोपुरतं फिरेल. पुढे ते आत चिकटून बसेल आणि घेणारा रॉकेल लावून लावून ते सोडवत राहील. हल्ली रॉकेल सहज मिळत नाही, पण तो त्याचा प्रश्न.

खालच्या दोऱ्याची बॉबिन, तिची बॉबिन केस, शटल आधीच काढून हरवा. सिंगरचं 27 किंवा 28 नंबरचं मॉडेल असेल तर त्याचं लांबुळकं शटल विशेष काळजीने हरवा, कारण त्याच्यावाचून टाकाच पडत नाही. वर्णनात लिहा, 'एखादा किरकोळ पार्ट नाही, बाजारात मिळून जाईल.'

बोली वाढत नसेल तर मेव्हण्याला उतरवा.

मेव्हणाच जिंकला तर 'आईचा जीव गुंतलाय' म्हणून लिलाव मागे घ्या आणि रविवारी पुन्हा लावा.

आता पॅकिंग. इथे खरी कला आहे. मशीनच्या लोखंडी पाट्याखाली मागच्या बाजूला दोन स्क्रू असतात, ते सैल केले की बिजागरांवरून धड अलगद सुटतं. सोडवू नका. 10 किलोच्या वरचं ओतीव लोखंड आणि जुनी लाकडी बैठक जोडलेलीच राहिली की पहिल्या आदळण्यालाच बिजागरं लाकूड फाडून बाहेर येतात. चाकालाही हात लावू नका. खरं तर चाकाच्या मधल्या नॉबवरचा बारका स्क्रू सैल करायचा, नॉब फिरवून काढायचा, आतली कानवाली वॉशर काढायची, की चाक हातात येतं. वॉशर कशी बसली होती त्याचा मोबाइलवर फोटो घ्यायचा, कारण उलटी बसली तर बॉबिन भरताना सुई थांबत नाही. झालं! पाच मिनिटांचं काम! पण नाही. चाक तसंच बाहेर आलेलं, पुठ्ठ्याला टेकलेलं, आणि भोवती काय, तर वर्तमानपत्राचे चार बोळे आणि मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोल! त्याचा या वजनाखाली भुगा होतो हो, भुगा! खोकं नेमकं त्याच कुशीवर आपटतं, कारण सगळं वजन एका बाजूला ठेवलंय. ओतीव लोखंड वाकत नाही, तुटतं. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे नेलंत तर जोडाशेजारीच पुन्हा तडकतं. मग ते तुकडे आणि ड्रॉवरमधून सुटलेले, कापड दाबायचे सुटे पाय सगळ्या प्रवासात मशीनवरची सोनेरी नक्षी खरवडत येतात. आणि वर तुमचा मेसेज काय? 'आमच्याकडून तर नीट निघालं होतं.'

नीट निघालं होतं! पुणे ते नागपूर काय पालखीतून येणार होतं?

सुट्ट्या पायांना आणि स्क्रूंना एक प्लॅस्टिकची डबी लागते, आणि ती प्रत्येक स्वयंपाकघरात पडून असते. सुई काढून ठेवायला एक स्क्रू. पाय खाली सोडून मध्ये कापडाची घडी. चाक वेगळं गुंडाळायचं, धड फळीला पट्ट्यांनी आवळायचं, खोक्यात खोकं घालायचं आणि दोन्हींच्या मध्ये चारी बाजूंनी, वर-खाली, चार बोटं दाट फोम. एवढं होत नसेल तर 'येऊन घेऊन जा' असं लिहा आणि पाचशे रुपये कमी घ्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती कुरिअर करायची. बोली लावणारे सगळे दिवाणखाना सजवत नसतात. कुणीतरी ब्लाऊज, फॉल-पिको करून घर चालवायला ते मशीन घेतलेलं असतं, साठवलेल्या पैशांतून. तिच्यापुढे तुम्ही कुरिअरकडे बोट दाखवता आणि कुरिअरवाला पॅकिंगकडे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य तुटका माल पाठवायचा परवाना नाही. आधी चाकाचे आणि बिजागरांचे पैसे परत करा. पाच स्टार मागणारा मेसेज त्यानंतर पाठवा.