सुधारला हो!

आमच्या महाराजांचा नवा अल्बम आला. नाव घेत नाही. ज्याचं मीठ इतकी वर्षं खाल्लं, त्याला चारचौघांत कशाला उघडं पाडा? इंग्लंडचे रॉक गायक आहेत, पंच्याहत्तरी उलटली आहे, केस अजून खांद्यापर्यंत. (ते खरे की खोटे, यावर आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या ग्रुपमध्ये दोन तट आहेत.)

कॉलेजात असताना गोखले रोडवरच्या एका दुकानात नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट देऊन गाणी भरून घ्यायचो. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे एक एलपी (मोठी तबकडी) जेमतेम मावायची. नाही मावली तर शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. महाराजांचं एक गाणं मी कित्येक वर्षं तसंच तुटकं गुणगुणत होतो. पुढे पूर्ण ऐकलं तेव्हा उरलेला भाग उगाचच घातलाय असं वाटलं. २००७ साली पिंक फ्लॉइड बँडमधला रॉजर वॉटर्स मुंबईत बीकेसीत येऊन गेला, २०१९च्या डिसेंबरात यूटू बँडवाले नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजवून गेले. महाराज काही इकडे फिरकले नाहीत. आमची निष्ठा तरीही ढळली नाही.

तर हा नवा अल्बम मी घोडबंदर रोडवर, मेट्रोच्या खांबांच्या सावलीत ऐकला. कापूरबावडीला सुरू केला, पातलीपाड्याच्या आत संपला. गाडी हलत नव्हती, त्यामुळे पळून जायची सोय नव्हती.

पहिल्याच गाण्यात महाराज पहिल्याच सेकंदाला गायला लागले. माझ्या पोटात गोळा आला. हल्ली स्ट्रीमिंग ॲपवर तीस सेकंद ऐकलं की एक 'प्ले' मोजला जातो, त्यामुळे सगळे घाईत असतात हे कळतं. पण १९७५ साली पिंक फ्लॉइडने 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मध्ये गाणाऱ्याला आठ मिनिटांहून जास्त वेळ तोंड उघडू दिलं नव्हतं! महाराज त्याच वळणाचे. त्यांच्या गाण्यात ड्रम्स येईपर्यंत आमचा चहा पिऊन व्हायचा.

आवाज खाली आला याबद्दल तक्रार नाही. वय झालं की भले भले गिटार अर्धा सूर उतरवून लावतात. पण या अल्बममध्ये प्रत्येक सूर इस्त्री केल्यासारखा सरळ. पूर्वी महाराज बेसूर व्हायचे, पण स्वतःच्या गळ्याने व्हायचे. आणि शब्द! ज्या माणसाने सरकार, युद्ध आणि देव या तिघांशी एकाच एलपीत वैर घेतलं, त्याच्या चौथ्या गाण्यात नातू आला. पाचव्यात बाग. सहाव्यात त्याच बागेत नातू.

ग्रुपवर शुकशुकाट. एरवी महाराज शिंकले तरी तीस मेसेज. संध्याकाळी एकाने धीर करून लिहिलं, ''प्रॉडक्शन छान आहे.'' मुलगी नाकारायची असली की घरी येऊन 'माणसं चांगली आहेत हो' म्हणतात, त्यातलाच प्रकार. मग दुसरा म्हणाला, तिसऱ्यांदा ऐकल्यावर उमजतो. आमच्या पंथाचं हे आद्य वचन आहे. तिसऱ्यांदा ऐकला. उमजला. पहिल्यांदा उमजला होता तसाच.

पण एलपी आधीच मागवलेली (किंमत घरात सांगितलेली नाही), म्हणून रविवारी ती लावली. आई मेथी निवडत बसली होती. ही तीच आई, जी महाराजांचा आवाज ऐकला की ''कोण केकाटतंय ते, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत'' म्हणून आतून ओरडायची. आज एक अक्षर बोलली नाही. बाजू संपली तेव्हा मान वर करून म्हणाली, ''हाच ना रे तुझा तो केकाटणारा?''

''हो.''

''सुधारला हो.''

यापेक्षा वाईट परीक्षण कुठल्याही समीक्षकाला लिहिता येणार नाही. शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकांनी, ज्यांनी माझ्या स्पीकरविरुद्ध सोसायटीला दोनदा लेखी कळवलं होतं, जिन्यात गाठून विचारलं, ''ते संथ गाणं कुठलं हो? आमच्या हास्यक्लबात शेवटी शवासनाला लावावं म्हणतो.''

आईला तर ते हरिपाठानंतर ऐकायला हवं होतं. तिच्या फोनवर टाकून दिलं. बागेचं तिला फार आवडतं. नातवाचं जरा लांबलंय म्हणते, आणि तिथे मात्र तिचं बरोबर आहे.