आपल्या बाथरूममध्ये ॲसिड का वापरले नाही: एका अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या सफाई सेवेने आपल्या घरी केलेल्या दिवाळीपूर्व सफाईबद्दल आपण दिलेला एक तारा आणि त्याखालील मजकूर मी दोनदा वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: पूर्ण पैसे घेऊनही बाथरूमच्या खालच्या टाइल्सवरचे पांढरे डाग पूर्णपणे गेले नाहीत, घरात ॲसिड आणि ब्लीच दोन्ही असताना आमच्या ताईंनी ते वापरायला नकार दिला, फिनेलचा वास नसल्यामुळे घर स्वच्छ झाल्यासारखे वाटले नाही, आणि ‘नैसर्गिक’ म्हणवून घेत आम्ही लिंबूपाण्याचे पैसे लावतो. इतर वाचकही अशाच प्रश्नांवर अडतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

प्रथम, तो नकार ताईंचा नव्हता, तो माझा आहे. आमच्या कोणत्याही कर्मचाऱ्याने ग्राहकाच्या घरी सुटे ॲसिड हाताळायचे नाही आणि दोन रसायने एकत्र करायची नाहीत, हा आमच्या व्यवसायाचा नियम आहे, आणि तो पाळल्याबद्दल कोणाला बोलणी खावी लागणार असतील तर ती मी खावीत.

आपल्या टाइल्सवरचे डाग मळाचे नाहीत. पुण्याच्या ज्या भागांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते तिथे पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळले की ते मागे राहतात आणि थरावर थर चढत जातो. हायड्रोक्लोरिक ॲसिड हा थर क्षणात फेसाळून काढते, हे खरे. पण ते तिथे थांबत नाही. टाइल्सच्या जॉइंटमधील सिमेंट, नळावरचा चकाकता मुलामा, संगमरवर, कोटा आणि शहाबादी फरशी या सगळ्यांना ते तसेच खाते. आपल्या नळाखालच्या दोन ओळींतील जॉइंट इतके पोखरले आहेत की बोटाचे नख आत रुतते, आणि तिथल्या टाइल्सची कड हाताला खरखरीत लागते. हे आधीच्या ॲसिडचे काम आहे. खरखरीत जागी क्षार अधिक घट्ट बसतो, म्हणून दरवर्षी तोच डाग जास्त चिवट होत जातो आणि दरवर्षी जास्त ॲसिड लागते.

आता आपल्या मूळ सूचनेकडे येतो. ॲसिड टाकल्यावर त्यावर ब्लीच ओतायला आपण ताईंना सांगितले होते. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्याचा ॲसिडशी संबंध आला की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे वरच्या एक्झॉस्टकडे न जाता खालीच साचतो, आणि बाथरूम घासणारी बाई उकिडवी बसलेली असते, तिचा चेहरा फरशीपासून वीतभर अंतरावर. डोळे आणि घसा जळणे ही त्याची सौम्य बाजू झाली. प्रमाण वाढले तर फुप्फुसांत पाणी साचून जीवावर बेतू शकते. संडासात ओतायच्या बहुतेक निळ्या द्रवांतही हेच ॲसिड असते, त्यामुळे ‘टॉयलेट क्लीनर टाकून वर थोडे ब्लीच’ ही अनेक घरांतली सवय याच धोक्याची आहे. काच पुसण्याच्या काही द्रवांमध्ये अमोनिया असतो; त्यात ब्लीच मिसळले तर क्लोरामाइन नावाचे तितकेच त्रासदायक वायू तयार होतात.

एका दिवसाच्या त्रासाइतकीच मला वर्षानुवर्षांच्या त्रासाची काळजी वाटते. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातील सहा हजारांहून अधिक लोकांच्या श्वसनक्षमतेच्या सुमारे २० वर्षांतील मोजमापांचा अभ्यास करून २०१८ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार सफाईचे काम करणाऱ्या स्त्रियांची, आणि केवळ स्वतःच्या घराची सफाई करणाऱ्या स्त्रियांचीही, श्वसनक्षमता सफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक वेगाने घटत गेली होती. आमच्या ताई दिवसाला दोन-तीन घरे करतात. त्यांच्यापैकी एकजण पूर्वी दुसरीकडे ॲसिडनेच काम करीत असत आणि त्यांना आजही जिना चढताना मध्ये थांबावे लागते.

वासाबद्दल बोलायचे तर फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे; माझ्या आईचीही तीच आहे. प्रत्यक्षात तो वास म्हणजे हवेत पसरलेले रसायनच असते. पाइन तेल, लिंबाचा सुगंध यांसारख्या वासांतील टर्पीन नावाची द्रव्ये घरातील हवेतल्या ओझोनशी संयोग पावली की फॉर्मल्डिहाइडही तयार होते. ज्या घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल आहे तिथे ‘वास नाही’ ही तक्रार मी आनंदाने ऐकतो.

‘नैसर्गिक’ हा शब्द आमच्या पत्रकात कुठेही नाही आणि तो मी मुद्दाम टाळला आहे. आम्ही वापरतो ते लिंबूसत्व हेदेखील आम्लच आहे, म्हणून ते संगमरवरावर आम्ही लावत नाही. धुण्याचा सोडा हातांची कातडी उतरवतो. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर आग होते. म्हणून ताईंच्या हातांत हातमोजे असतात. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यावर दिसणारा फेस पाहून अनेकजण हरखून जातात, पण दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते जवळजवळ साधे खारट पाणी. बाटलीवर ‘हर्बल’ किंवा ‘ग्रीन’ छापलेले असणे हाही पुरावा नव्हे. पर्यावरणाला कमी अपायकारक वस्तूंना खूण देणारी भारत सरकारची इकोमार्क योजना १९९१ साली सुरू झाली. तशी खूण किंवा निदान घटकांची पूर्ण यादी बाटलीवर शोधावी, असे मी ग्राहकांना सुचवतो. ब्लीचही आम्ही वर्ज्य मानत नाही. घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर ते हवेच, मात्र गार पाण्यात त्या दिवशीच विरळ केलेले, खिडकी उघडी ठेवून, आणि एकटे.

दराचे म्हणाल तर तो लिंबूसत्वाचा नसून वेळेचा आहे. त्याच्या पाण्यात भिजवलेले फडके डागावर अर्धा तास चिकटवून ठेवायचे, थर मऊ झाला की नायलॉनच्या घासणीने हलक्या हाताने काढायचा, पुन्हा फडके लावायचे. जुन्या थराला हे तीन-चार वेळा करावे लागते. त्या दिवशी घरात पाहुणे यायचे असल्याने आपल्याला बाथरूम लवकर मोकळे हवे होते आणि एकच फेरी होऊ शकली, हे ताईंनी जाताना आपल्याला सांगितले होते.

ते काम आम्ही पूर्ण करून देऊ इच्छितो आणि त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. डाग निघतील, पोखरलेले जॉइंट मात्र फरशीवाल्याकडून पुन्हा भरून घ्यावे लागतील, ते आमच्या हातात नाही. आणखी एक विनंती आहे. आपले ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत, बेसिनखाली, लहान मुलाच्या हाताला लागेल अशा जागी होते. ताईंनी ते उचलून माळ्यावर ठेवले आहे; कृपया ते खाली आणू नये. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, विकत घेणाऱ्याचे ओळखपत्र आणि नोंदवही बंधनकारक केली, तरी दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून ते बिनलेबल बाटलीत सर्रास मिळते.

सकाळी दहा ते दुपारी दोन बाथरूम वापरावे लागणार नाही असा कोणताही वार आमच्या कार्यालयाच्या फोनवर कळवावा. त्याच ताई येतील.