ऑलिम्पिकची ज्योत अठ्ठावीसशे वर्षांची नाही, १९३६ सालची आहे

गेल्या रविवारी धरमपेठेत बहिणीकडे गेलो असता, २९ ऑगस्टच्या राष्ट्रीय क्रीडा दिनासाठी तयार केलेले भाषण सातवीतल्या भाचीने मला म्हणून दाखवले आणि दुसऱ्याच वाक्याला मी तिला थांबवले. "ऑलिम्पिकची ज्योत अठ्ठावीसशे वर्षे अखंड तेवत आहे आणि ती मुळात आपल्या यज्ञकुंडातून ग्रीसला गेली," हे कुठे वाचलेस, असे विचारल्यावर तिने आईचा फोन पुढे केला. आमच्या काकाजींनी, म्हणजे तिच्या धाकट्या आजोबांनी, घरच्या ग्रुपवर 'ऑलिम्पिकची सहा रहस्ये' नावाचा संदेश टाकला होता. तो मला त्याच आठवड्यात आणखी दोन ठिकाणांहून आला होता आणि दोन्ही वेळा मी तो न वाचता पुसला होता. मात्र शाळेच्या मैदानावर दोन-तीनशे मुलांसमोर तो म्हटला जाणार असेल, तर पुसून भागत नाही.

पहिले रहस्य अर्थात ज्योतीचे. प्राचीन ऑलिम्पिकचा आरंभ इ.स.पू. ७७६ मध्ये झाला असे मानतात आणि इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस ते खेळ बंद पडले. त्यानंतर थेट १८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक खेळ सुरू झाले. मधली पंधराशे वर्षे खेळच नव्हते, तर ज्योत कोणाच्या देवघरात तेवत होती, हा साधा प्रश्न संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकालाही पडला नाही, याचे मला खरोखर नवल वाटते. शिवाय १८९६ पासून १९२४ पर्यंतच्या एकाही ऑलिम्पिकमध्ये ज्योत नव्हती. ती प्रथम पेटली १९२८ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या स्टेडियमबाहेरच्या मनोऱ्यावर, आणि तीही तिथल्या वीज कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या हातून. प्राचीन खेळ जिथे होत त्या ग्रीसमधल्या ऑलिम्पियाहून ज्योत आणण्याची कल्पना तेव्हाही कोणाच्या मनात नव्हती.

ती कल्पना निघाली १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी. संयोजन समितीचे सरचिटणीस कार्ल डीम यांनी ती मांडली आणि गोबेल्सच्या प्रचारखात्याने ती उचलून धरली. हे सांगण्यासाठी कोणा टीकाकाराच्या पुस्तकाचा आधार घेण्याचीही गरज नाही, कारण बर्लिनच्या संयोजन समितीने १९३७ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अधिकृत अहवालात या दौडीची सविस्तर आणि मोठ्या अभिमानाने लिहिलेली हकिगत आहे. २० जुलै १९३६ रोजी ऑलिम्पियात अंतर्गोल आरशाने सूर्यकिरण एकवटून ज्योत पेटवण्यात आली. क्रुप या तोफा बनवणाऱ्या कारखान्याने घडवलेल्या पोलादी मुठींतून ती ग्रीस, बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, हंगेरी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया या देशांतून तीन हजारांहून अधिक धावपटूंनी जर्मनीत नेली आणि १ ऑगस्टला ती हिटलरच्या देखत स्टेडियममध्ये पोहोचली. प्राचीन ग्रीसचा वारसा आपल्याकडे आला आहे, असे नाझी राजवटीला जगाला दाखवायचे होते आणि ही दौड त्यासाठीच रचली होती. त्या मार्गावरच्या देशांपैकी ऑस्ट्रिया १९३८ मध्ये गिळला गेला, पाठोपाठ चेकोस्लोव्हाकियाचे तुकडे झाले, आणि १९४१ मध्ये युगोस्लाव्हिया व ग्रीस यांच्यावर जर्मन फौजा चालून गेल्या. जी गोष्ट गोबेल्सच्या खात्याने वाजतगाजत मिरवली, तिला आपण यज्ञकुंडाचे नाव देऊन 'गर्व आहे' असे लिहून पाठवावे, यासारखे हसे दुसरे नसेल.

यात अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. ऑलिम्पियात हेस्तिया देवीच्या वेदीवर अग्नी कायम जागता ठेवला जात असे आणि अथेन्समध्ये देवतांच्या उत्सवांत मशाली घेऊन धावण्याच्या शर्यती होत असत. परंतु त्या शर्यती अथेन्सच्या. ऑलिम्पियाच्या खेळांशी त्यांचा संबंध नव्हता. खेळांपूर्वी गावोगाव जाणारे दूत तहाची घोषणा करत. त्यांच्या हाती मशाल नसे. अग्नी पवित्र मानणारे लोक जगात अनेक झाले. त्यावरून एकाचा अग्नी दुसऱ्याच्या घरून गेला असे ठरत नाही.

दुसरे रहस्य पाच वर्तुळांचे. 'डेल्फीच्या प्राचीन शिळेवर ही वर्तुळे कोरलेली आहेत,' असे संदेश म्हणतो आणि सोबत शिळेचे छायाचित्रही देतो. शिळा खरी आहे, पण ती त्याच १९३६ च्या दौडीतील डेल्फीच्या समारंभासाठी घडवलेली आहे. ती तिथेच राहिली आणि पुढे दोन अमेरिकी लेखकांनी ती प्राचीन समजून तसे छापले; तेव्हापासून हा घोळ चालू आहे. वर्तुळांचे चिन्ह आधुनिक ऑलिम्पिकचे जनक पिएर द कुबर्तँ यांनी १९१३ मध्ये रेखाटले आणि त्याचा ध्वज ऑलिम्पिकमध्ये प्रथम १९२० मध्ये अँटवर्पला फडकला. पाच वर्तुळे म्हणजे जगाचे पाच भाग, हे बरोबर. परंतु अमुक रंग अमुक खंडाचा, हे कुबर्तँ यांनी कधी म्हटले नाही. पार्श्वभूमीचा पांढरा धरून हे सहा रंग घेतले की त्या काळच्या सर्व देशांच्या ध्वजांचे रंग त्यांत येतात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. खंडनिहाय रंगांची समजूत काही काळ ऑलिम्पिक समितीच्या स्वतःच्या पुस्तिकेतही होती आणि ती १९५१ मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे या एका चुकीबद्दल काकाजींना मी दोष देणार नाही.

'खेळांच्या काळात ग्रीसमधली सर्व युद्धे थांबत,' हे तिसरे रहस्य. तह होता, परंतु तो मुख्यतः खेळाडू आणि यात्रेकरू यांना सुखरूप येता-जाता यावे आणि पवित्र भूमीवर आक्रमण होऊ नये यासाठी. तोही मोडला जाई. इ.स.पू. ३६४ मध्ये पंचक्रीडेतील (पाच प्रकारांच्या स्पर्धेतील) कुस्त्या चालू असतानाच एलिस या ग्रीक नगरराज्याचे सैन्य ऑलिम्पियाच्या आवारात घुसले आणि देवळाच्या व इमारतींच्या छपरांवरून त्यांच्यावर मारा झाला, असे ग्रीक इतिहासकार झेनोफोनने लिहून ठेवले आहे.

पुढच्या दोन गोष्टींवर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. सुवर्णपदक शुद्ध सोन्याचे नसते. तसे शेवटचे पदक १९१२ मध्ये स्टॉकहोमला दिले गेले. आजच्या पदकात बहुतांश चांदी असते आणि वरचा मुलामा साधारण सहा ग्रॅम सोन्याचा. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे दंतकथेतला ग्रीक दूत फिडिपिडीस धावला ते अंतर नव्हे. ते १९०८ मध्ये लंडनला विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांपर्यंत मोजून आले. १८९६ ची मॅरेथॉन सुमारे ४० किलोमीटरांचीच होती.

सहावे रहस्य मात्र आपल्या विदर्भाचे आहे, म्हणून ते खोडताना जीव थोडा जड होतो. 'कबड्डी १९३६ मध्ये ऑलिम्पिक खेळ होता आणि अमरावतीच्या संघाने सुवर्णपदक जिंकले,' असे संदेश म्हणतो. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू त्या वर्षी बर्लिनला गेले आणि त्यांनी कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, हे खरे आहे. १९१४ मध्ये सुरू झालेल्या एका आखाड्याची माणसे त्या काळात तिथवर पोहोचली, हीच केवढी गोष्ट आहे! पण कबड्डी हा पदकाचा खेळ नव्हता, आणि बर्लिनच्या अधिकृत प्रदर्शनीय खेळांच्या यादीत बेसबॉल व ग्लायडिंग ही दोनच नावे आहेत. त्या ऑलिम्पिकमधले भारताचे एकमेव सुवर्ण हॉकीचे. १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८-१ असे हरवले होते, आणि ज्यांच्या जन्मदिनी हे भाषण व्हायचे आहे, त्यांचे नाव मूळ संदेशात कुठेच नव्हते.

भाचीने आता भाषणातून यज्ञकुंड काढले आहे आणि अमरावती व ध्यानचंद घातले आहेत. काकाजींना मी हे सर्व कळवले. त्यांनी नमस्काराचे चिन्ह पाठवले आणि तासाभराने तोच संदेश सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.